दिगू मागं बसायचा

हिंगोलीहून निघून मोटारसायकलवर पोर्तुगालच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो म्हटलं, की लोक फोटो मागतात. मी दुकानाच्या काउंटरवरच मोबाइल काढून दाखवतो. इराणातला नाहीतर तुर्कस्तानातला कुठलाही फोटो काढा, त्यात माणसं चार आणि गाड्या तीन. गिऱ्हाईक विचारतंच, "चौथी गाडी कुठाय मालक?"

चौथी गाडी नव्हतीच. चौथा माणूस म्हणजे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा दिगंबर, आमचा दिगू. त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती. सायकलही येत नव्हती. तो मागं बसायचा.

आम्ही चौघं गोरेगावच्या शाळेत एका वर्गात होतो. भास्कर पुढं गुरांचा डॉक्टर झाला. मुरली रस्त्यांची कंत्राटं घेऊ लागला. मी हिंगोलीत पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान टाकलं. दिगू गावातच राहिला. त्यांच्या घरी थोडी शेती आणि शेळ्यामेंढ्या. थोरला भाऊ मेंढरं घेऊन लांब लांब फिरायचा, दिगू शेत आणि शेळ्या सांभाळायचा. शाळेत असताना आम्ही सायकली काढल्या की हा कुणाच्या तरी कॅरिअरवर चढलेला असायचा. पुढं गाड्या आल्या, आम्ही सुट्टीच्या दिवशी लोणारला, माहूरला जाऊ लागलो, तेव्हाही त्याची जागा तीच राहिली.

"शिकून का घेत नाहीस रे?" असं त्याला विचारावं तर दरवेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाला, "माझ्या पायाला बिरेक सापडत न्हाई." एकदा म्हणाला, "आमच्या घराण्यात चालवत न्हाईत, हाकतेत." भास्करनं फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "समदेच चालवाया लागले तर मागं बसावं कोणं?"

मागं बसणं हे त्याच्यापुरतं पूर्णवेळ काम होतं. गाडी सुरू झाली की तोंड सुरू व्हायचं. अर्धे शब्द वारा न्यायचा, उरलेले हेल्मेटात शिरायचे. आपण नुसतं "हं" म्हणत राहायचं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला तो हात करायचा, आणि तो माणूस हात करायचाच. ब्रेक दाबला की त्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं आणि मागून आवाज यायचा, "चूक माझी न्हाई, तुझीच." माझ्या जाकिटाचा कमरेचा पट्टा तो दोन्ही मुठींत असा धरायचा, की संध्याकाळी पोटावर वळ उठलेला असायचा. मुरली त्याला म्हणायचा, "अबे, मी काय पळून जाऊन राहिलो का?"

परदेशाची कल्पना मुरलीची. बायकापोरांच्या जबाबदाऱ्या थोड्या हलक्या झाल्या होत्या, पन्नाशी आली होती, आणि मुरलीनं मोबाइलवर कुणाकुणाचे प्रवास बघून ठेवले होते. गोरेगावच्या जीप स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात त्यानं नकाशा उघडला. गाड्या मुंबईहून जहाजानं इराणच्या बंदरात पाठवायच्या. आपण विमानानं जायचं. तिथून इराण, तुर्कस्तान, मग युरोप, आणि जिथं जमीन संपेल तिथं थांबायचं. भास्कर आणि मी नकाशावर बोटानं अंतर मोजत होतो. दिगूनं बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "पहिल्या दिशी मी कोनाच्या मागं?"

आपण येणार की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. नंतर कळलं, की तो आम्हालाही पडला नव्हता.

त्याचा खर्च आम्ही तिघांनी करायचं ठरवलं, तर त्यानं न सांगताच निम्मा कळप विकला. "बकऱ्या पुन्ना व्हतेत," एवढंच म्हणाला. त्याची बायको शांतावहिनी मात्र मला दारातच भेटली. "भाऊजी, मागंच बसायचं हाय तर इतक्या दूर काहून जायाचं? एसटीत बसा की. तिथंबी मागं जागा ऱ्हाते." मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "पेरणीच्या आत माणूस घरी पायजे." दिगूनं आतून होकार भरला.

अडचण वेगळीच निघाली. इराणचा व्हिसा चौघांना मिळाला, तुर्कस्तानचाही मिळाला. युरोपचा तिघांना मिळाला आणि दिगूला नाही. कागदावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ भास्करनं लावला, की हा माणूस परत येईल अशी खात्री त्यांना वाटत नाही. दिगूला हे काही केल्या समजेना.

"म्या परत येनार न्हाई?"

"तसं वाटलं त्यांना."

"मंग माझ्या बकऱ्या कोन पाहील?" त्यानं अगदी खरोखर विचारलं. जरा वेळानं स्वतःच म्हणाला, "त्यांना बी काय माहीत म्हना. असू द्या. म्या तुर्कस्तानापोत येतो. तुमी व्हा फुडं."

तर असे आम्ही निघालो. इराणच्या दक्षिणेच्या बंदरात गाड्या सोडवून घेतल्या आणि शिराझच्या दिशेनं लागलो. दिगूनं पाळी ठरवून टाकली होती. एक दिवस माझ्या मागं, एक दिवस भास्करच्या, एक दिवस मुरलीच्या. संध्याकाळी मुक्कामावर पोहोचलो की आम्ही तिघं कंबर धरून आडवे व्हायचो आणि दिगू बोलायला बसायचा. अमक्या गावाच्या बाहेर बायका कसला तरी पाला वाळवत होत्या. तमक्या वळणावर विहिरीवर आपल्यासारखीच मोट असावी असं वाटलं, पण नीट दिसली नाही. एका घराच्या भिंतीवर एवढं मोठं कोंबड्याचं चित्र होतं. आम्ही म्हणायचो, "कुठं?" त्याच रस्त्यानं आलो होतो, पण आम्हाला डांबर, खड्डे आणि ट्रक यांच्याशिवाय काही आठवायचं नाही.

शिराझच्या अलीकडं मुरलीच्या गाडीची साखळी तुटली. शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला घरी नेलं, गालिचा अंथरला, भात आणि दही पुढं ठेवलं. दिगूला कुणी आपल्यासाठी राबलं की बसवत नसे. तो उठून हात जोडून म्हणू लागला, "तकलीफ, तकलीफ! तकलीफ नगं!" आपल्याकडचा सरळ उर्दू शब्द, इराणात चालेलच, असा त्याचा हिशोब. म्हातारा शेतकरी बुचकळ्यात पडला. त्यानं नातीला हाक मारली. ती शाळेचं दप्तर घेऊन आली, दिगूच्या पुढ्यात बसली आणि एकेक वही उघडून दाखवू लागली. दिगूला अक्षर कळत नव्हतं, पण पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं म्हणून तो प्रत्येक पानावर मान डोलवत म्हणत राहिला, "बराबर. बराबर." पोरगी खूश. शेवटी तिच्या वडिलांनी तोडक्या इंग्रजीत भास्करला सांगितलं, की त्यांच्या भाषेत तकलीफ म्हणजे शाळेचा गृहपाठ.

भास्कर हसून लोळायचा बाकी होता. दिगूनं मात्र वहीवरून नजर काढली नाही. "असू दे," तो म्हणाला, "लेकरानं अभ्यास चांगला केला हाय." तेव्हापासून वाटेत काही बिघडलं, चाक पंक्चर झालं, कुठं रस्ता बंद निघाला, की आम्ही म्हणायचो, "आला गृहपाठ."

पण सगळेच गृहपाठ असे हसून सुटणारे नव्हते. इस्फहानच्या पुढं भास्कर आणि मुरली यांचं बिनसलं. मुरलीला वेळ पाळलेली लागायची. सकाळी इतक्याला निघायचं, इतक्याला जेवायचं. भास्कर दिसेल तिथं गाडी लावून फोटो काढायचा. एका पुलावर आम्ही त्याची वाट बघत बराच वेळ उन्हात उभे राहिलो आणि तो आल्यावर मुरली म्हणाला, "जल्मभर ढोरं तपासली तू. मानसाच्या टायमाची किंमत तुला काय कळनार?"

भास्करनं हेल्मेटची काच खाली ओढली. त्यानंतर दोघं बोलायचे बंद. एका खोलीत झोपायचे, एका ताटात खायचे, पण बोलणं नाही. मी मध्ये पडलो तर दोघंही माझ्यावर उखडले. मला वाटलं, आता हे तुर्कस्तानच्या हद्दीवरूनच मागं फिरणार.

दिगूनं पाळी बदलली. सकाळी भास्करच्या मागं, जेवणानंतर मुरलीच्या मागं. मी आपला एकटा. तब्रीझ मागं पडेपर्यंत एवढं दिसलं, की भास्कर फोटो काढून पळत गाडीकडं येऊ लागला, आणि मुरली सकाळी निघताना भास्करच्या गाडीची हवा तपासू लागला. हद्दीवर ट्रकांची भली मोठी रांग होती, समोर बर्फाचा डोंगर उभा होता. तिथं भास्कर एकदम मुरलीजवळ गेला आणि म्हणाला, "जाऊ दे मुरल्या. तू माफी मागितली म्हणून मी पण विषय सोडला."

"म्या?" मुरली म्हणाला. "म्या कवा मागितली? तूच म्हनला नं दिगूला, की चूक माझीच व्हती म्हनून?"

"मी असं काही म्हणलो नाही."

दोघांनी वळून बघितलं. दिगू ट्रकवाल्यांच्या घोळक्यात चहा पीत उभा होता, आमच्याकडं पाठ करून. मुरलीनं खांद्याला धरून त्याला फिरवलं. "काहून बे? काय काय सांगितलं तू?"

दिगू जरा ओशाळला, पण डगमगला नाही. "तुमच्या दोघांच्या मनात व्हतं तेच सांगितलं. तुमी उद्या-परवा बोललेच असते. म्या जरा आधी बोललो, इतकंच."

मुरली शिव्या देत हसत सुटला. भास्करनं चष्मा काढून पुसला. ट्रकवाल्यांना काहीच कळलं नव्हतं, पण तेही हसले आणि त्यांनी आणखी चहा सांगितला.

तुर्कस्तानात दिगूला एक शब्द सापडला. कुणी विचारलं, कोण तुम्ही, तर तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "मुसाफिर." हॉटेलवाले चहाचे पैसे घेईनात. मागून कळलं, की तिथं तो शब्द पाहुण्याला वापरतात. दिगूला याचं फार नवल वाटलं. आपण म्हणतो वाटसरू, आणि हे म्हणतात पाहुणा. मग तो शब्द त्यानं जरा जपून वापरायला सुरुवात केली. "फुकटचा चहा किती प्यावा मानसानं," म्हणाला.

एर्झुरुमच्या पुढं पठारावर मेंढरांनी रस्ता अडवला. शेकड्यांनी मेंढरं, मेंढपाळ दूर टेकडीवर. मुरलीनं हॉर्न वाजवला. दिगूनं त्याचा हात बाजूला केला. "हॉर्न काय वाजवतो? मेंढरं म्हंजे मेंढरं. कुटं बी सारखीच." खाली उतरून तो मध्ये गेला आणि जिभेनं टाळूवर आवाज काढून, "हुर्र, हुर्र, हॅक!" असं आमच्या गावाकडच्या पद्धतीनं हाकू लागला. एकही मेंढरू हललं नाही. उलट सगळी माना वर करून त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं आवाज वाढवला. तेवढ्यात कळपातून एक कुत्रं उठलं. कुत्रं कसलं, वासरू होतं. गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. ते भुंकलंही नाही, नुसतं चालत आलं. दिगू ज्या वेगानं आला त्या वेगानं पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. भास्करच्या गाडीच्या सीटवर तो दोन्ही पाय घेऊन उभा राहिला, आणि भास्कर ओरडला, "गाडी पडंल, दिग्या!"

मेंढपाळ खाली येईपर्यंत तो तसाच उभा होता. मेंढपाळानं कुत्र्याला एका शब्दात बसवलं आणि आमच्या या वीराला हात देऊन खाली उतरवलं. मग दोघं रस्त्याकडेला बसले. त्याला मराठी येत नव्हती आणि दिगूला तुर्की. एक मेंढरू जवळ घेऊन दोघं त्याचे कान, खूर, दात दाखवत काय बोलत होते कुणास ठाऊक. आम्ही रस्ता मोकळा होऊनही कितीतरी वेळ थांबलो, आणि त्या दिवशी मुरलीनं घड्याळ बघितलं नाही.

आता जे सांगतो ते भास्करला आणि मुरलीला बरेच दिवस माहीत नव्हतं.

पठारावरून काळ्या समुद्राकडं उतरणारा रस्ता होता. वळणावर वळणं, मध्येच डांबर संपून खडी, आणि धुकं. दिगू माझ्या मागं होता. बाकीचे दोघं पुढं निघून गेले होते. एका वळणावर माझं पुढचं चाक खडीत सरकलं आणि गाडी आडवी झाली. वेग अगदी कमी होता. मला काही लागलं नाही, दिगूलाही कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. आम्ही दोघांनी गाडी उचलून कडेला लावली. मी म्हटलं, "चल, बस."

तो रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"दिगू, लागलं का कुठं?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं दरीकडं बघितलं. धुक्यात दरी दिसत नव्हती, तरी बघत राहिला. मग म्हणाला, "वसंता, म्या भेतो रे."

"कशाला?"

"गाडीला. उताराला. ल्हानपनापासून. सायकलीच्या क्यारिअलवर बसायचो तवाबी भेत व्हतो." हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. "उतार लागला की म्या डोळे मिटतो."

पोटावरचा तो वळ, जाकिटाच्या पट्ट्यावर आवळलेल्या मुठी, सगळं एकदम कळलं. मी म्हटलं, "आणि मग रोज संध्याकाळी इतकं सांगतोस, ते कधी बघतोस?"

"चढाला बघतो न," तो म्हणाला. "अन् सपाटीला."

मला हसू आलं आणि मग हसवेना. "अरे, इतकी भीती वाटते तर आलास कशाला लेका इथवर?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा. "तुमी तिघं चालले व्हते," तो म्हणाला. "मंग म्या गोरेगावात काय करू?"

एक भाजीचा टेम्पो आला, दिगूनं सवयीनं हात केला, टेम्पोवाल्यानंही केला. मग दिगू उठला. "म्या चालत येतो," म्हणाला, "तू हळूहळू चाल संगं. उतार संपला की बसतो." आणि तो निघाला. मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली टेकवत, त्याच्या शेजारून. चालू लागल्यावर त्याचा रंग बदलला. त्याची चाल लांब ढांगांची होती. आडवाटेनं एखादं वळण तोडून तो माझ्या आधी खाली जाऊन उभा राहायचा, वर बघून विचारायचा, "काहून उशीर?" बोलायलाही लागला. एका झाडाची साल खुडून त्यानं हुंगली, मलाही हुंगायला लावली. सबंध डोंगर तो असा उतरला.

खाली पहिलं गाव दिसलं तेव्हा तो थांबला आणि हेल्मेट घातलं. "मुरलीला सांगू नगं," म्हणाला. "ते मला इमानात बसवून घरी धाडून देईल. अजून इस्तंबूल ऱ्हायलं हाय."

मी नाही सांगितलं. त्या दिवसापासून उतार आला की मी वेग कमी करायचो, आणि मागून काही बोलणं नसायचं. सपाटी आली की पुन्हा सुरू.

इस्तंबूलचा तो पूल म्हणजे अलीकडं आशिया आणि पलीकडं युरोप. पलीकडचा भागही तुर्कस्तानचाच, त्यामुळं दिगूला तिथं मज्जाव नव्हता. आम्ही तिघं पुलावर ओरडत होतो, हॉर्न वाजवत होतो. पलीकडं गेल्यावर एका बागेशी गाड्या लावल्या. दिगू उतरला, खाली वाकला आणि जमिनीतून काहीतरी उपटून बघू लागला. "हराळी हाय की रे इथं!" असं म्हणून त्यानं ती काडी आम्हा तिघांना दाखवली. मग घरी फोन लावला. "म्या युरोपात हाय," त्यानं मोठ्यानं सांगितलं. पलीकडून शांतावहिनींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "जेवले का?"

हद्द एदिर्ने नावाच्या गावापुढं आहे. दिगू तिथवर आमच्याबरोबर आला. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघांनी परस्पर ठरवलं होतं. मुरलीनंच विषय काढला होता. सकाळी नाश्त्याला त्यानं सांगितलं, "दिगू, आमी बी परत फिरतो. चौघं मिळून निघालो, चौघं मिळून जाऊ. युरोप काय, हाय तिथंच ऱ्हाते."

आम्हाला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्यानं पाव खाली ठेवला. दिगूला चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे तुमी माझ्यापाई मागं फिरनार? अन् मंग जल्मभर लोकाला सांगनार, दिग्याला सोडलं न्हाई म्हनून आमी फिरलो? हे वझं म्या कुटं ठिवू?" त्याचा आवाज चढला, बाजूच्या टेबलावरची माणसं बघू लागली. "म्या भोगलं ते काय तुमी हितून फिरावं म्हनून? जा म्हनलं ना! जमीन सरते तिथंलोक जा!"

"काय भोगलं तू?" मुरलीनं विचारलं. दिगूनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पाव उचलला. "बसून बसून पाठ मोडली, आनखी काय," म्हणाला.

हद्दीजवळ त्यानं पिशवीतून कारळाच्या चटणीचा डबा काढला. शांतावहिनींनी दिलेला डबा निम्म्याच्या वर शिल्लक होता. तो त्यानं मुरलीच्या बॅगेत कोंबला. तिन्ही गाड्यांच्या बॅगांचे पट्टे एकेक करून ओढून बघितले, एक सैल होता तो आवळला. भास्करला म्हणाला, "फोटो काढ, पन पळत ये." माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि काढला. आम्ही हेल्मेट घालत होतो, तोवर तो पाठ फिरवून चालायलाही लागला होता. आम्हाला जाताना त्यानं पाहिलं नाही. मला वाटतं, ते त्याला जमलं नसतं. गाव तिथून बरंच लांब होतं आणि बस मिळत होती, पण तो चालतच गेला, असं त्यानं नंतर सांगितलं.

पुढचा युरोप आम्ही पाहिला. रस्ते फार चांगले. पहिल्या काही दिवसांत असं झालं, की चहाला थांबलं की तिघं आपापल्या मोबाइलमध्ये. बोलायला काही नसायचंच. मागची सीट मोकळी असली की गाडी हलकी पळते, एवढंच काय ते सुख.

मग संध्याकाळी दिगूचे फोन यायला लागले. तो घरी पोहोचला होता, पेरणी चालू होती, आणि बांधावर बसून तो विचारायचा, "आज काय पाह्यलं?"

मुरली सांगायचा, "चांगला हायवे व्हता."

"हायवेच्या बाजूला काय पेरलं व्हतं?"

मुरलीला माहीत नसायचं. "घरं कशाची हायेत? कवलं का पत्रा? ढोरं बांधतेत का मोकळी? बाया रानात दिसतेत का न्हाई?" एके दिवशी दुपारी मुरलीनं चालत्या रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि एका शेताकडं बघत उभा राहिला. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला, "सूर्यफूल हाय. ध्यानात ठिव, संध्याकाळी इचारल ते." पोर्तुगालपर्यंत मग आम्ही असेच गेलो, संध्याकाळी दिगूला सांगायचं म्हणून बघत बघत. जमीन जिथं संपते तिथं उभं राहून त्याला व्हिडिओ कॉल लावला. पाणी दाखवलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "बस झालं आता. या घरी."

आम्ही परत आलो तेव्हा गोरेगावात आमचा सत्कार झाला. पण नंतर चहाच्या हॉटेलात युरोपातलं काही विचारायचं असलं, की लोक दिगूलाच विचारायचे. तोही बिनदिक्कत सांगायचा. तिकडं सूर्यफूल किती उंच होतं, कुठं गाईंच्या गळ्यात घंटा असते. आम्ही तिघं बाजूला बसून ऐकायचो. भास्कर एकदा हळूच म्हणाला, "हा माणूस तिथं नव्हता, याची मला दरवेळी आठवण करून घ्यावी लागते."

गेल्या वर्षी दिगू गेला. शेतातून आला, ओसरीवर टेकला आणि संपला. भास्करनं आणि मुरलीनं खांदा दिला, मी दिला. त्या दिवसाचं मी आणखी काही सांगत नाही. शांतावहिनी नंतर एवढंच म्हणाल्या, की भाऊजी, तुमच्यासंगं गेले तवा लई भेत व्हते, पर बोलून दाखवलं न्हाई. त्यांना सगळं माहीत होतं.

माझी त्याची शेवटची भेट त्याच्या जरा आधीची. मी पुसेगावला एका शेतकऱ्याची मोटार बसवून परत येत होतो. गोरेगावच्या स्टँडवर सेनगावची जीप भरत होती आणि दिगू आत बसलेला दिसला, माणसांच्या दाटीत, मांडीवर कुणाचं तरी शेळीचं पिल्लू घेऊन. शेजारी पटक्याचा एक म्हातारा होता, अनोळखी असावा. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि दिगू कान लावून ऐकत होता.

मी गाडी जीपशेजारी उभी केली. "दिगू, कुठं निघालास?"

"सेनगावला. बँकेत काम हाय."

"चल, मी सोडतो. ये मागं."

तो उठेल असं मला वाटलं. तो अर्धवट उठलाही. मग त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा बोलायचा थांबला होता. दिगू पुन्हा खाली बसला.

"तू व्हय फुडं, वसंता," तो म्हणाला. "ह्यांची गोष्ट अर्धी ऱ्हायली हाय."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. म्हाताऱ्यानं पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. जीप वळून रस्त्याला लागली तेव्हा दिगू माझ्याकडं बघत नव्हता. तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि मान हलवत होता.